आमच्याकडे मातीच कुंपण खाते

‘कुंपणच शेत खातं’ ही म्हण मी 30 वर्षं पोरांकडून वाक्यात उपयोग करवून घेतली. निवृत्त होऊन अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापुरात राहायला आले आणि कळलं, आमच्या पट्ट्यात म्हण उलटी लिहायला पाहिजे. इथं माती कुंपण खाते. खालून, सावकाश, आवाज न करता.

लिहायचं कारण असं की घरासमोरून जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो, "मॅडम, लोकं जाळी काढून भिंत बांधतात, तुम्ही भिंत पाडून जाळी काहून लावली?" दर वेळी चहा टाकून सगळं पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकते.

प्लॉट 40 बाय 60 चा. घेतला तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, आधी कंपाउंड मारून घ्या, नाहीतर शेजारचा कधी हातभर आत सरकेल ते कळायचं नाही. मग आम्ही चार फूट उंच, विटांची, प्लास्टर केलेली भिंत बांधली. पाया दीड फूट. वर पिवळा रंग, कडेनं गेरूसारखी पट्टी. पहिलं वर्ष दिवाळीचे फोटो तिच्यासमोर काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात कोपऱ्यावर विटांच्या सांध्या-सांध्यातून जिन्यासारखी भेग उतरली. मिस्तऱ्यानं सिमेंट भरलं. पावसाळ्यात ती मिटली आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी उघडली. दरम्यान खालच्या दीड फुटावरचं प्लास्टर पापडासारखं सुटायला लागलं होतं. हात फिरवला की पांढरी भुकटी यायची. चव घेऊन पाहिली (शिक्षकाची खोड) तर खारट!

आणि एका जुलैत, रात्रभर पाऊस लागून राहिला तेव्हा, मागची 14 फूट भिंत शेजाऱ्यांच्या वांग्यांवर झोपली. सुदैवानं वांग्यांवरच.

दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून असा एक पट्टा जातो, जिथं जमिनीखालचं पाणी खारं आहे. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. प्यायचं येतं ते शहानूर धरणाचं, नळानं. वर काळी कसदार माती. कापसाला, तुरीला, हरभऱ्याला सोन्यासारखी. बांधकामाला मात्र वैरीण. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात आमच्या मागच्या अंगणातल्या भेगेत मी लांब दांड्याची छत्री घातली, ती अर्ध्याच्या वर आत गेली. अशा जमिनीवर दीड फुटाच्या पायावर भिंत उभी करायची म्हणजे झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर उतरंड रचायची. म्हैस कूस बदलणारच.

घराखाली हे कळतं. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी खाली कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, काढले. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात, म्हणजे माती जिथवर हलते त्याच्या खाली. आमच्या घराला भाच्यानं तसेच घालायला लावले, तो सिव्हिल इंजिनिअर आहे. पण कुंपणाला साडेतीन मीटर कोण खोदतं? घराचा पाया लाखांचा आणि कुंपणाचा उरलेल्या खडीचा, अशी आपली रीत.

तर भिंत पडली तेव्हा ह्यांनी ठरवलं, आता जे लावायचं ते 'मेंटेनन्स फ्री' लावायचं. ह्यांचं वय 67, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. पोरगा पुण्याला. दर दोन वर्षांनी ग्रीलला रंग कोण मारणार? त्यामुळे लोखंडी ग्रील पहिल्याच बैठकीत बाद. शाळेत आम्ही दर मे महिन्यात रंगवायचो ते ग्रील मला आठवतं. पश्चिमेकडच्या बाजूला बोट फिरवलं की रंग खडूसारखा बोटाला यायचा. ऊन आधी रंग खातं, मग पाऊस लोखंड.

मग माणसं यायला लागली. एक जण रेडिमेड कंपाउंडवाला, म्हणजे सिमेंटचे खाचेचे खांब आणि त्यात वरून सोडायच्या फळ्या. दोन दिवसांत उभं करून देतो म्हणाला, आणि खरंच देतात. पण आमच्या गल्लीच्या टोकाला तेच आहे, पाच वर्षांचं. मी त्याला घेऊन तिथवर चालत गेले. एक खांब डावीकडं कलला, पुढचा उजवीकडं, आणि मधल्या दोन फळ्या खाचेतून निसटून खाली. खांबाच्या बुडाशी सिमेंट तडकून आतली सळई दिसत होती, गंजून फुगलेली. अशा खांबात सळईवरचं सिमेंट जेमतेम बोटभर असतं. खारी ओल आत शिरली की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि सिमेंट फोडतो. तो म्हणाला, "ताई, ते दुसऱ्या पार्टीचं काम आहे." माती तर तीच होती.

दुसरा आला तो गुळगुळीत कागदावर छापलेलं पुस्तक घेऊन. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, पट्ट्या, मागं हिरवळ, एक गोरं बाळ. रंग नको, उधई नको, गंज नको. तीन गोष्टी खऱ्याच होत्या. त्याच्यासोबत लाकडासारखं दिसणाऱ्या डब्ल्यूपीसीचे नमुनेही होते. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेलं. मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. ह्यांना तर फारच.

पण मी विज्ञान शिकवलंय. मी त्याच्याकडून एकेक तुकडा मागून घेतला आणि म्हटलं, जून संपल्यावर या.

गुढीपाडव्याला गच्चीवर मांडामांड केली. एक यूपीव्हीसीची पट्टी, ती दोन्ही टोकांना खिळे मारून एका फळीवर घट्ट बसवली. एक डब्ल्यूपीसीचा तुकडा, अर्ध्यावर वीट ठेवून. जस्ताचा थर दिलेल्या तारेच्या जाळीचे वीतभर दोन तुकडे. त्यातला एक नुसता उन्हात आणि एक घमेल्यात प्लॉटचीच माती भरून तिच्यात अर्धा पुरलेला. घमेल्यात रोज सकाळी तांब्याभर बोअरचं पाणी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाचं पिंडदान चालू आहे का?"

एप्रिल सरेस्तोवर दुपारी गच्चीवर चप्पल घालूनही पाय भाजायला लागले. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढं जातो, हे नवीन नाही. यूपीव्हीसीची पट्टी दुपारी फळीपासून मधोमध उचलली जायची, धनुष्यासारखी, आणि पहाटे पुन्हा सपाट. याचं गणित सोपं आहे. हे प्लास्टिक उष्णतेनं लोखंडाच्या जवळपास पाचपट प्रसरण पावतं. सहा फुटी पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत 50 अंशांनी तापली तर सुमारे पाच मिलिमीटर वाढते. लोखंड त्याच ठिकाणी एक मिलिमीटर. लांबट भोकं पाडून, स्क्रू सैल ठेवून, टोकाला जागा सोडून बसवली तर चालतं. पण आमच्याकडे बसवणारा माणूस सैल स्क्रूला अपमान समजतो. तो शेवटचा पीळ देऊनच उठतो.

डब्ल्यूपीसीवरची वीट जूनच्या शेवटी उचलली. खाली चॉकलेटी, वर चहात दूध जास्त झाल्यासारखं. मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी. तुकडा मोडला नाही, वाकला नाही, पण दुपारी हात लावायची सोय नव्हती. पुण्यातल्या सोसायटीत, बाल्कनीला, सावलीच्या बाजूला मी तो आनंदानं लावीन.

उन्हातली जाळी होती तशीच होती. जरा निस्तेज झाली, बस. जस्ताचं तसंच असतं, चकाकी जाते आणि वर राखाडी पापुद्रा धरतो, तोच पुढं त्याला राखतो. घमेल्यातल्या तुकड्याची गोष्ट मात्र वेगळी. मातीच्या वरचा भाग ठीक, मातीत गेलेल्या भागावर पांढरी बुरशीसारखी पूड, आणि तार जिथं कापली होती त्या टोकांना तांबडे ठिपके. तीन महिन्यांत.

मी ते घमेलं ह्यांच्यासमोर ठेवलं. आमच्याकडे सगळे विक्रेते उन्हाबद्दल बोलतात. ऊन रंगाचं वैरी आहे, प्लास्टिकचं आहे, शेडनेटचं आहे. लोखंडाला कोरड्या उन्हाचं काही वाटत नाही. उलट आमची कोरडी हवा लोखंडाला मानवते, कोकणातल्या माणसाला विचारा जाळी किती वर्षं टिकते. खरा मारेकरी जमिनीपासून दीड फुटात आहे, आणि ऊन त्याचा साथीदार. मातीतलं पाणी विटेतून वर चढतं, ऊन ते चटकन वाळवतं, पाणी जातं आणि मीठ तिथंच राहतं. मिठाचे खडे धरताना ते प्लास्टरला आतून ढकलतात. ऊन जितकं कडक तितकं मीठ वर जास्त ओढलं जातं. त्यामुळे माझी अट एकच उरली. मातीला कमीत कमी शिवणारं आणि माती हलली तर सोबत हलणारं कुंपण. भिंत हलत नाही, ती तडकते. जाळी हलते.

(माझ्या वडिलांच्या वावराला बोरीच्या काट्यांची कुपाटी असायची. दर वर्षी पेरणीआधी नवी. तिला पाया नव्हता म्हणून ती कधी पडलीही नाही. पण 67 वर्षांच्या माणसाला बोरीच्या काट्या आणायला कोण सांगेल?)

जाळी घ्यायला अमरावतीला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. 10 गेजची, दोन इंची चौकटीची, पाच फूट उंच, 50 फुटांचे चार बंडल सांगितले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 10 गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 2.64. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण 10 मध्ये दीडपट लोखंड असतं. भाव मात्र त्यानं फुटावर सांगितला, किलोवर नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

टेम्पो दर्यापुरात आला तेव्हा घरी न नेता आधी ओळखीच्या अडत्याकडे नेला आणि एक बंडल काट्यावर टाकला. 41 किलो. आदल्या रात्री मी वहीत हिशेब केला होता: 10 गेजचा बंडल 60 किलोच्या आसपास भरायला हवा, 12 चा 40. भाच्याकडून आणलेलं जाडी मोजायचं व्हर्नियर तारेला लावलं. 2.6. फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, मार्केटमध्ये 10 म्हणजे असंच येतं." मी म्हटलं, मार्केटमध्ये येत असेल, आय एस 2721 मध्ये येत नाही. चेनलिंक, म्हणजे अशा गुंफलेल्या तारेच्या जाळीचं ते भारतीय मानक. मानकाचा आकडा ऐकल्यावर तो थांबला. तीन दिवसांनी दुसरे बंडल आले, 61 किलोचे. टेम्पोचं भाडं अर्धं-अर्धं. अडत्या पुढं आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की मॅडमनं कुंपण क्विंटलवर घेतलं.

जस्ताचंही विचारून घ्या. चौरस मीटरला किती ग्रॅम, असा तो हिशेब असतो. साधारण सात ग्रॅमला एक मायक्रॉन जाडी. 60-70 ग्रॅमवाली जाळी स्वस्त पडते, म्हणजे थर 10 मायक्रॉनच्याही आत. आम्ही 120 ची घेतली. आयुष्यात पुन्हा कुंपण करायचं नाही, असं ठरवून घेतली.

बसवताना खरी भांडणं झाली. खांब दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचे, साडेसात फुटी, आठ-आठ फुटांवर. मला पाइप मातीला कुठंच लागायला नको होता. म्हणून खड्डा अडीच फूट खोल, तळाला आधी काँक्रीट, त्यावर पाइप, आणि वर काँक्रीट जमिनीपासून सहा इंच बाहेर काढून चारही बाजूंनी उतार, पाणी पाइपाच्या बुडाशी साचू नये म्हणून. पाइपाच्या तोंडाला टोपी. मिस्तरी म्हणाला, "बाई, हे कुंपण आहे का पूल आहे?" आणि काँक्रीट बोअरच्या पाण्यात कालवायला मी मनाई केली तेव्हा तर त्यानं फावडं ठेवूनच दिलं. पहिल्या भिंतीचं सगळं काम बोअरच्याच पाण्यावर झालं होतं. आम्हीच मीठ घालून भिंत कालवली होती आणि मग खार फुटते म्हणून रडत होतो. या वेळी नळाचं पाणी दोन दिवस आधीपासून ड्रममध्ये भरून ठेवलं. पाणी मारायलाही तेच. ह्यांची आंघोळ त्या आठवड्यात अर्ध्या बादलीवर.

जाळी जमिनीपासून तीन बोटं वर ठेवली. त्यातून डुकरं नाक घालतील म्हणून खालून एक जाड तार ओढली आणि पाडलेल्या भिंतीच्या विटांची कड लावली. वर, मध्ये, खाली अशा तीन तारा, टोकाला टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू. खांब इंच-अर्धा इंच कलला तर पान्यानं दोन पीळ द्यायचे. दसऱ्याच्या सुमारास माती बसली की मी पाना घेऊन चक्कर मारते, पाऊण तासाचं काम. मेंटेनन्स म्हणायचं तर हेच. उरलेली 12 फूट जाळी काकूंच्या कोंबड्यांच्या खुराड्याला गेली.

वानरांचं विचारू नका. त्यांच्यासाठी कुठलंच साहित्य बाजारात नाही.

एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता. पश्चिमेच्या भिंतीमध्ये आणि घरामध्ये चार फुटांची बोळ होती आणि कूलर त्याच बोळीत लावलेला. दिवसभर तापलेली भिंत रात्री दहालाही तव्यासारखी असायची, आणि कूलर तीच कोंडलेली हवा ओढायचा. भिंत गेली, बोळ मोकळी झाली. पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी रात्री दोनला उठून कूलर कमी केला. लग्नाला 38 वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं.

तोटाही सांगते. आडोसा गेला. अंगणात बाजेवर बसलं की रस्त्यावरचा प्रत्येक जण "काय मॅडम, जेवण झालं का?" विचारतो. ह्यांनी माझं न ऐकता हिरवं शेडनेट बांधलं. दुसऱ्या मेमध्ये त्याच्या चिंध्या तारांना लोंबत होत्या, बाभळीला पतंग अडकल्यासारख्या. मग कोयनेलची झुडपं कुंपणाला लावली. खाऱ्या जमिनीत तग धरते, पानं कडू असल्यानं शेळ्या तोंड लावत नाहीत. दोन कोपऱ्यांत बोगनवेल. पावसाळ्यात कोयनेल महिन्यातून दोनदा कापावी लागते, तेव्हा निगा नको म्हणता म्हणता कात्री हातात आलीच. पण रंगाच्या डब्यापेक्षा कात्री मला बरी वाटते.

राहिलं फाटक. 12 फुटी, दोन पाखांचं. ते हवं होतं तयार करून, मग जस्तात बुडवून आणलेलं. वितळलेलं जस्त 450 अंशांच्या आसपास असतं, ते काम कारखान्यातच होतं. पण आम्हाला घाई झाली होती, आणि वेल्डर म्हणाला, जागेवरच जोडून देतो, दोन दिवसांत. वेल्डिंगच्या आचेनं सांध्यावरचं जस्त जळून जातं हे मला माहीत होतं, तरी हो म्हटलं. वर झिंकचा प्रायमर मारला, पण तोही घाईत. श्रावणात प्रत्येक सांध्यावर तांबडी टिकली उगवली, मोजून 16. शिवाय डावीकडच्या खांबाच्या खड्ड्यात नळाची पाइपलाइन आडवी आली, म्हणून तो दीड फुटावरच थांबवला होता. माझ्याच डोळ्यांसमोर थांबवला. आषाढात माती फुगली, खांब आत झुकला आणि डावं पाख जमिनीला घासायला लागलं. सध्या ते सुतळीनं उजव्या पाखाला बांधून ठेवलंय. दूधवाला सुतळी सोडतो, दूध देतो, आणि जाताना पुन्हा गाठ मारून जातो.

वेल्डर दिवाळीनंतर येतो म्हणालाय.